शपथ साहेबालाही लागू आहे



कोर्टात साक्षीला उभा राहताना आपला माणूस थरथरतो. खोटे निघाले तर तुरुंग, हे त्याला ठाऊक असते. पण बांधावर पाय न ठेवलेला अधिकारी 'समक्ष पाहणी केली' असे प्रतिज्ञापत्रात लिहितो आणि घरी जाऊन जेवतो. कुंपणच शेत खाते, ते असे.

कायदा दोघांना एकच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 193 होते. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 229 आले. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. हुद्दा पाहून सूट नाही.

मग साहेब आत का जात नाहीत? कारण ही फिर्याद आपल्याला थेट करता येत नाही, ती न्यायालयानेच करायची. आपण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली (पूर्वीचे 340) अर्ज द्यायचा. न्यायहितासाठी जरूर आहे असे न्यायाधीशांना वाटले तरच गाडी पुढे सरकते.

ही वाट चुकली की काय होते, ते हरियाणाच्या प्रकरणात दिसले. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली एका पोलीस अधीक्षकाला कलम 193 खाली दोषी ठरवले. 1999 साली त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला, कारण 340 ची पद्धत पाळलीच नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आरडाओरड कमी आणि कागद पक्का. पैसेवारीचा अंदाज चुकला, हे शपथेवरचे खोटे नव्हे. शेतात गेलोच नाही आणि गेलो असे लिहिले, हे खोटे. ते सिद्ध करायचे तर पुरावा त्याच हंगामात हवा. आम्ही शेतकीचे शिक्षण घेतले ते एवढे सांगण्यापुरते तरी कामी यावे: बोंडे गळाली तरी पऱ्हाटी हिरवी दिसते, ज्वारीचे ताट उभे असले तरी कणसात दाणा नसतो. तारखेसह फोटो काढा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. प्रतिज्ञापत्राची नक्कल कोर्टातून मागा.

ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी ती नक्कल जिल्हा बैठकीला आणावी. ओळीन् ओळ ताडून पाहू. एका साहेबाला शपथेचा जाब द्यावा लागला, तर पुढच्या हंगामात दहा साहेब बांधावर येतील.