वाण दोऱ्याचं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी जमलो होतो. तिळाच्या वड्या खाऊन झाल्या, गप्पा रंगल्या. तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, तोंडाला पदर लावला, दाढेत अडकलेला तीळ कोरून काढला आणि पिन पुन्हा होती तिथे लावून टाकली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, कारण अगदी अलीकडेपर्यंत माझीही हीच तऱ्हा होती.

गेल्या वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. दोन दाढांच्या बरोबर मध्ये कीड निघाली. "अहो डॉक्टर, मी तर दोन्ही वेळा ब्रश करते," मी म्हटलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "ताई, दोन दात जिथे एकमेकांना चिकटतात तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे दोरा फिरवायला हवा. आणि ती पिन आधी बंद करा, हिरडीला जखमा होतात."

लेकीने लगेच फ्लॉसचं पाकीट आणून दिलं. धनुकलीच्या आकाराच्या पन्नास प्लॅस्टिकच्या कांड्या, प्रत्येकीला बोटभरसुद्धा नसलेला दोरा ताणून बसवलेला. रोज एक वापरायची आणि फेकायची. सोय मोठी छान! पण एका रविवारी कोपऱ्यावर कुणीतरी कचरा पेटवला होता आणि त्या काळ्या धुरात मला माझ्याच पांढऱ्या धनुकल्या वितळताना दिसल्या. बचत गटाच्या बायकांना घेऊन दारोदार कापडी पिशव्या वाटणारी मी! मान खाली गेली.

प्लॅस्टिकबंदी आपल्या राज्यात 2018 साली आली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड आहेत, चमचे आहेत, स्ट्रॉ आहेत. दातांची ही धनुकली मात्र नाही. म्हणजे इथे कायदा आपला हात धरणार नाही, आपल्यालाच शहाणं व्हायला हवं.

बरं, बिनप्लॅस्टिकचा दोरा हे काही नवं खूळ नाही. लेव्ही पार्मली नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1819 सालच्या आपल्या पुस्तकात दातांच्या फटीत मेण लावलेला रेशमी दोरा फिरवायला सांगितला होता. नायलॉन आलं ते त्यानंतर शंभरावर वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास.

आज दुकानात 'निसर्गस्नेही' लिहिलेल्या डब्या मिळतात, पण मैत्रिणींनो, साडी घेताना जशी पदर उलटून पाहता तशी डबीही उलटून पाहा. नायलॉन किंवा पॉलिस्टर लिहिलं असेल तर ते प्लॅस्टिकच. 'बांबू चारकोल' वाचून भुलू नका, पुष्कळदा तो कोळसा मिसळलेला पॉलिस्टरचाच दोरा असतो. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावरच्या थराचं द्रव्य, ते मातीत कुजत नाही. पीएलए मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून करतात, पण ते कुजायला कारखान्यातल्या खतासारखी साठेक अंशांची उष्णता लागते. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील.

मातीत खरोखर मिसळतं ते रेशीम, त्यावर मधमाश्यांचं किंवा झाडाचं मेण लावलेलं. पण रेशमासाठी किडे मरतात, म्हणून माझ्या जैन मैत्रिणीला ते चालत नाही. तिने झाडाचं मेण लावलेला पीएलएचा दोरा घेतला. निदान तो खनिज तेलापासून केलेला नाही. डबी काचेची किंवा पुठ्ठ्याची असावी आणि नुसतं रीळ बदलता यावं, म्हणजे झालं.

खरं सांगते, रेशमी दोरा महाग पडतो आणि दात घट्ट असतील तर मध्येच तुटतो. शिवाय आपल्या गावात तो मिळेलच असंही नाही. मग काय करायचं? साध्या नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ घ्या. निदान रोजची एक प्लॅस्टिकची कांडी तरी वाचेल. तीस मीटरचं रीळ एकीला दोन महिने सहज पुरतं. वापरलेला दोरा संडासात टाकू नका, त्याचा गुंता होऊन पाइप तुंबतो. पेटवू तर मुळीच नका, सुक्या कचऱ्यात घालून घंटागाडीत द्या. पण प्लॅस्टिक नको म्हणून दातच साफ न करणं हा काही मार्ग नव्हे.

रात्री झोपण्यापूर्वी हातभर दोरा घ्यायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, फटीत हलकेच सरकवायचा आणि दाताला वळसा घालून वरखाली घासायचा. प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा भाग. हिरडीवर झटका देऊ नका. सुरुवातीला थोडं रक्त येईल, पण पंधरा दिवसांनीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर मुलींनी तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

आपलं कसं असतं, नवऱ्याचा चष्मा, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, सगळं वेळेवर होतं. स्वतःच्या दातांसाठी दोऱ्याचं रीळ घ्यायचं म्हटलं की ती चैन वाटते. मग एक दिवस रूट कॅनालला हजारो रुपये मोजावे लागतात, तेव्हा हिशेब कळतो.

त्या दिवशी हळदीकुंकवात मला वाण म्हणून प्लॅस्टिकची साबणदाणी मिळाली. अशा माझ्याकडे आता सात आहेत! पुढच्या संक्रांतीला मी मात्र दोऱ्याची रिळं लुटणार आहे. बायका हसतील, हसू देत. वहिनींच्या मंगळसूत्राची पिन साडीलाच लागली, दाढेला नाही, की माझं वाण पावलं.