वाळूतला वाघ

आमच्या रोहिणखेडचे नाव इतिहासात येते ते पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतल्या दोन लढायांमुळे. पण लहानपणी आम्हां पोरांचा वीर निराळाच होता. तो गावच्या ओढ्याच्या वाळूत राहत असे. पेराएवढाही नसलेला, लांब पायांचा भुंगेरा! ऊन चढले की सुसाट धावायचा, मध्येच थबकायचा, पुन्हा धावायचा. आम्हांला वाटे, दमला बिचारा!

पुढे कळले, याच्या जातकुळीला इंग्रजीत वाघाचे नाव आहे. शिकारीमागे तो इतका वेगाने धावतो की, धावताना त्याला नीट दिसतच नाही. म्हणून तो थांबतो, भक्ष्य कुठे आहे ते पाहतो आणि पुन्हा झेप घेतो. त्याची अळी मात्र भारी सबुरीची. वाळूतल्या उभ्या बिळात बसायचे, डोक्याचेच झाकण तोंडाशी लावायचे आणि जवळून जाणारा किडा गट्ट करायचा.

याचा एक भाऊबंद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राच्या वाळूत राहतो. त्याच्या अळीला मोठे व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. तेवढा काळ वाळूने जागेवर राहायला हवे ना? पुळणीवर माणसांची गर्दी झाली, मोटारी धावू लागल्या, आणि हा बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला. शेवटी १९९० साली तिथल्या सरकारने त्याला कायद्याचे संरक्षण दिले.

यंदा दिवाळीला गावी गेलो आणि धाकट्या मुलीला आमचा वीर दाखवायला ओढ्यावर नेले. पाहतो तो वाळूच नाही! खाली उघडा खडक, आणि काठावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. मागून आत्या आली.

"काय पाहून राह्यला रे बाप्पा?"

"आत्या, वाळू कुठं गेली?"

"शहरात. तुमचे बंगले कायचे बांधतात मंग?"

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. दोन वर्षांमागे घराच्या गिलाव्याच्या वेळी मीच ठेकेदाराला बजावले होते, "वाळू अस्सल नदीची हवी हं!" ती कुठून आली, हे मात्र विचारले नव्हते. घर उभारायच्या घाईत थांबून पाहायला सवड कुणाला होती?

"बाबा, तुमचा वाघ कुठंय?" तिने विचारले.

आपल्याच घराच्या भिंतीत, असे काही सांगवेना. तिचा हात धरून मी मुकाट्याने परतलो.