त्याने सही का द्यावी?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या फराळाला आमच्याकडे एक जुने स्नेही आले होते. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, अतिशय सज्जन गृहस्थ. सणासुदीला वाद नको म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. पण चकलीबरोबर गिळलेला तो राग वर्ष झाले तरी पचलेला नाही. तेव्हा तो येथे बाहेर काढतो. वाचकांनी क्षमा करावी.

माझा धाकटा मुलगा बास्केटबॉल खेळतो. त्याने भिंतीवर बिल रसेल या अमेरिकन खेळाडूचे चित्र लावले आहे. ते पाहून स्नेही म्हणाले, "खेळाडू मोठा, शंकाच नाही. पण माणूस उद्धट हो! चाहत्यांना सहीसुद्धा देत नसे. ज्या लोकांनी डोक्यावर घेतले त्यांच्याशी असे वागायचे?"

सही देत नसे, हे खरे. लोकांनी डोक्यावर घेतले, हे मात्र मला साफ नामंजूर आहे.

रसेल १९३४ साली लुइझियाना राज्यातल्या मन्‍रो गावी जन्मला. काळ्या माणसाने तेथे कसे राहायचे हे त्याला फार लवकर कळले. त्याची आई एकदा चांगला पोशाख करून बाहेर पडली, तर पोलिसाने तिला अडवून, गोऱ्या बाईसारखे कपडे घालून हिंडतेस काय, घरी जा आणि उतरव, असे दरडावले. ते कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात ओकलंडला गेले. रसेल बारा वर्षांचा असताना ती आई वारली. शाळेत हा उंच, किडकिडीत मुलगा सोळावा खेळाडू होता आणि गणवेश होते पंधरा. पॉल्स नावाच्या शिक्षकांनी त्याला घालवून दिले नाही. पंधरावा गणवेश दोघांत वाटून दिला. एक सामना याने घालायचा, एक त्याने. मास्तर या नात्याने मला हा प्रसंग फार आवडतो. पॉल्स गोरे होते हेही नमूद करतो, नाहीतर मी एकाच बाजूने लिहितो असा आरोप व्हायचा.

पुढची कीर्ती थोडक्यात सांगतो. १९५५ आणि १९५६ या दोन्ही वर्षी त्याच्या सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाने महाविद्यालयांचे अजिंक्यपद मिळवले. १९५६ मध्येच मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. त्यानंतर बॉस्टन सेल्टिक्स या धंदेवाईक संघात तेरा मोसम, आणि त्या तेरांत अकरा अजिंक्यपदे! १९६६ साली तो त्याच संघाचा प्रशिक्षकही झाला. त्या स्पर्धेत हे पद मिळालेला तो पहिला काळा माणूस. खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी जबाबदारीत शेवटची दोन अजिंक्यपदे त्याने मिळवली.

पण त्याचा खेळ कसा होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बास्केटबॉलमध्ये दहा फुटांवरच्या कडीतून चेंडू टाकणाऱ्याचे कौतुक होते, तसे आपल्याकडे धावा करणाऱ्याचे होते. पावणेसात फुटांच्या रसेलचे खरे काम दुसरेच होते. प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू तो हवेतच अडवी, आणि प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजी अलगद आपल्या सोबत्याकडे वळवी. गुण सोबत्याच्या नावावर लागत. असे चेंडू त्याने किती अडवले? मोजदादच नाही! ती मोजायला सुरुवात झाली १९७३-७४ च्या मोसमात, हा निवृत्त झाल्यावर. कडीवरून परतलेले चेंडू तेवढे मोजलेले आहेत; ते २१,६२० त्याने झेलले.

आता बॉस्टनकर. सेल्टिक्स वर्षामागून वर्षे जिंकत असताना त्यांच्या मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या राहत, आणि हरणाऱ्या हॉकी संघाला मात्र गर्दी लोटे. रसेल जवळच्या रेडिंग गावात राही. संघ बाहेरगावी गेला की कोणीतरी त्याच्या घरासमोरचे कचऱ्याचे डबे उलथून टाकी. तक्रार केली तेव्हा पोलीस म्हणाले, हे रॅकूनचे काम असणार. रॅकून हे तिकडचे एक रानटी जनावर, रात्री कचरा उकरते. रसेलने शांतपणे विचारले, बंदुकीचा परवाना कोठे मिळतो? त्यानंतर ती जनावरे फिरकली नाहीत.

येथवर हसता येते. पण १९६३ साली याच गावाने त्याचा जाहीर सत्कार केला. त्याला भरून आले आणि आयुष्यभर येथेच राहीन असे तो म्हणाला. मग त्याने गावाच्या दुसऱ्या भागात घर घ्यायचे ठरवले, तर तिथल्या रहिवाशांनी विरोधात सह्यांचा अर्ज केला. सह्या! आणि एकदा घर फोडून लोक आत शिरले. भिंतींवर शिव्या लिहिल्या, त्याची बक्षिसे मोडली, बिछान्यात घाण करून गेले. त्याच्या मुलीने पुढे हे सारे लिहिले आहे. मुख्याध्यापक महाशय, यालाच आपण डोक्यावर घेणे म्हणता काय?

बरे, सहीऐवजी तो काही देत नव्हता असेही नाही. तो हात पुढे करी, दोन शब्द बोलू या म्हणे. कागदावर नाव खरडून घ्यायचे आणि माणसाकडे पाहायचेही नाही, हा व्यवहार त्याला नको होता. मग सरकारी गुप्त पोलिसांनी त्याच्या कागदांत काय लिहावे? तर गोऱ्या मुलांना सही न देणारा गर्विष्ठ काळा माणूस. वस्तुतः तो कोणालाच देत नसे. काळ्यांनाही नाही आणि सोबत्यांनाही नाही.

एवढे मात्र कबूल करतो की वही घेऊन उभ्या राहिलेल्या आठ वर्षांच्या पोराला यातले काही ठाऊक नसते. त्याचा चेहरा पडला असेल, आणि तो पडायला नको होता. पण त्या पोराचे देणे एकट्या रसेलवर का?

अमेरिकेला नावे ठेवणे आपल्याला सोपे जाते. पुण्यात पालवणकर बाळू या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघात घेतले ते त्याच्या डावऱ्या हातासाठी; चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्या बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला मिळाले नाही. धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही १९२३ साली. बाळूने तोंड उघडले असते तर त्यालाही आपण उद्धटच म्हटले असते.

हे मी कशावरून म्हणतो? माझ्यावरून. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ जिल्ह्यात पहिला आला. ज्याच्या जिवावर आला तो मुलगा सत्काराला आला नाही; निरोप पाठवला तरी आला नाही. मी वर्गशिक्षक. शिक्षकांच्या खोलीत "फार माजला आहे" असे सर्वांबरोबर मीही म्हणालो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा मारला: खेळात प्रावीण्य, वर्तन उद्धट.

दोन वर्षांनी संघनायक भेटला तेव्हा सहज बोलण्यात निघाले. सामन्याच्या गावी ज्या घरी मुलांची पंगत बसली, तेथे त्याला ओसरीवर वेगळे बसवले होते आणि पाणी वरून ओतले होते. बाकीचे दहा-अकरा जण आत जेवले. आमचे खेळाचे शिक्षकही आत जेवले. आणि सत्काराचे प्रमुख पाहुणे होते त्याच घरचे यजमान.

तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. प्रगतिपुस्तक त्याच्याकडेच असेल. शेऱ्याखाली माझी सही आहे, चांगली ठसठशीत, पूर्ण नावाची.