डब्यावरचा खटला

मूल वर्गात एका जागी बसत नाही, वह्या हरवतं, वाक्य अर्धवट टाकून पळतं. डॉक्टर एडीएचडी म्हणतात आणि घरी पहिला प्रश्न येतो, ‘तू त्याला खायला काय देतेस?’ ‘देतेस’च. ‘देतोस’ असं बापाला कुणी विचारत नाही. मग फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात: साखर बंद, मैदा बंद, दूध बंद.

आधी साखरेचं बघू. १९९४ साली हूवर आणि मिलिच या संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. साखरेने आपला मुलगा बिथरतो असं मानणाऱ्या आया निवडल्या. पाच ते सात वर्षांच्या त्या सगळ्या मुलग्यांना बिनसाखरेचं, कृत्रिम गोडीचं पेय दिलं. काही आयांना मात्र ‘भरपूर साखर दिलीय’ असं सांगितलं. त्यांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. त्या त्याच्या मागे मागे राहिल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. साखर पोटात नव्हतीच, ती डोक्यात होती. दातांसाठी साखर जरूर कमी करा, पण तो एडीएचडीवरचा उपचार नव्हे.

मग आहाराचा काहीच संबंध नाही? आहे. २००७ साली साउथॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांचीही चंचलता थोडी वाढलेली दिसली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांसाठी पाकिटावर इशारा छापावा लागतो. तिथे इशारा पाकिटावर. आपण तो आईच्या कपाळावर छापतो.

लोह कमी असेल तरी मुलाचं लक्ष टिकत नाही, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आहे. तेव्हा रक्त तपासा. मिथाइलफेनिडेट चालू असेल तर भूक मरते. म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि औषध उतरल्यावर रात्रीचं नीट जेवण. अशा मुलाच्या ताटातलं दूध-पोळी स्वतःच्या मनाने काढून घेणं हा उपचार नाही, उपासमार आहे.

तुम्ही त्या ग्रुपवरचे मामा, मावशी, आत्या, काका आहात. पुढचा फॉरवर्ड आला की ‘काय देतेस?’ विचारू नका. ‘शनिवारी दुपारी मी त्याला सांभाळतो, तू जरा झोप,’ एवढं लिहा. आणि शनिवारी खरंच जा.