फ्रेंच राज्यक्रांती आणि लोकभाषा

१७८९ साली फ्रान्सची तिजोरी कर्जाने रिती झाली होती, पाव महागला होता. तरीही सरदार व धर्मगुरू अनेक करांतून मुक्त आणि भार सारा रयतेवर! त्या अन्यायातून राज्यक्रांती उसळली. समतेचा तो उद्घोष फ्रान्सच्या वसाहतीतील गुलामांपर्यंत पोहोचला. १८०४ साली हैती स्वतंत्र झाले. हे ऋण आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु १७९० साली ज्या क्रांतीने आपले कायदे प्रांतोप्रांतीच्या भाषांत उतरविण्याचे ठरविले, तिच्याच कन्व्हेन्शनपुढे १७९४ साली धर्मगुरू ग्रेग्वार यांनी त्या बोली नष्ट करण्याची निकड प्रतिपादिली. किमान साठ लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येतच नाही, हा हिशेबही त्यांचाच. मानवी हक्कांचा जाहीरनामा ज्याच्यासाठी काढला, त्या ब्रेटन शेतकऱ्याने तो आपल्या भाषेत का वाचू नये?