हक्काची रजा आणि बर्फावरची सहल



थंडी जवळ आली की हल्ली आमच्या अर्धापुरातही घराघरांत एक नवाच विषय निघतो. पोरे मोबाईलवर बर्फावरून घसरणारी माणसे पाहतात आणि हट्ट धरतात, "आपणही मनालीला जाऊ, स्कीइंग करू." पायांना लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ. नोकरीतले आईबाप मनातून तयार असतात, पण आजी म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली, अन् तुम्ही पैसे देऊन घसरायला निघालात!"

आजीचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. कष्टाचा पैसा चैनीत घालवावा काय, हा तिचा प्रश्न रास्त आहे. परंतु ऐपत पाहून आखलेली सहल ही चैन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९०१ साली बाल भीमराव भाऊ व भाच्यांसह सुट्टीत वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले होते. नवे कपडे घालून, आनंदाने. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. रात्री डबा होता, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी हे नमूद केले आहे. सहलीला निघालेल्या लेकरांच्या आनंदाची अशी माती झाली!

तेच बाबासाहेब पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला वर्षाकाठी पगारी सुट्टी मिळाली. माणूस म्हणजे राबणारे यंत्र नव्हे, हाच त्यामागचा विचार. संविधानाच्या कलम १५ ने हॉटेल, दुकान, करमणुकीची जागा जातीवरून नाकारण्यास मनाई केली. मग मिळालेली रजा न वापरता वाया घालवणे यात कसला त्याग?

आता पैशाचे बोलू. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा संकटासाठी. उपभोगाचा भाग आहे, पण तो चौथाईच आहे! त्यातच रोजचा संसार, त्यातच सहल. आणि धर्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्याचे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सांगितले होते. तो आधी बाजूला काढावा, विहाराची वर्गणी थकवू नये. सोसायटीचे कर्ज काढून बर्फ पाहायला मुळीच जाऊ नये. एप्रिलपासून दरमहा रक्कम बाजूला टाकावी. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी जावे. बर्फ कुठे पळून जात नाही.

बर्फ पळत नाही हे खरे, पण वेळेवर पडेलच असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरच्या गुलमर्गलाही बर्फ नव्हता आणि अनेकांनी बेत रद्द केले. म्हणून सगळे पैसे आगाऊ भरू नयेत. मनालीजवळच्या सोलंग नाल्यात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो. घरात दहावी-बारावीचे लेकरू असेल तर त्या वर्षी बेत नको. मे महिन्याच्या सुट्टीत सोलंगला हिरवळ भेटेल, स्कीइंग नाही.

नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अंबाल्यापर्यंत नेते, तिथून मनालीची बस. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांचे झाले आहे, तेव्हा तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. सोबत एक ताट-डबा असू द्यावा. या गाडीच्या वाटेवर काही स्थानकांत शीख बांधव प्रवाशांना लंगर वाढतात, तिथे जात विचारली जात नाही.

जाड कोट, बूट व स्की तिथे भाड्याने मिळतात. विकत घेण्याची गरज नाही. भाव आधी ठरवावा, शिकवणारा सोबत घ्यावा आणि पहिले दोन दिवस सपाट उतारावरच काढावेत. पडायचे कसे आणि थांबायचे कसे हे आधी शिकावे, मग घसरावे. कोणाला हा खेळ पुढे शिकायचाच असेल तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत रीतसर वर्ग असतात.

आजीलाही न्यावे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये गाडीत बसून बर्फ पाहता येतो. मात्र उंची तीन हजार मीटरच्या वर आहे. रक्तदाब, दम्याचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी दोन गोष्टी. सहलीत पोरगा घसरतो, पोरगी फोटो काढते आणि आई पिशव्या सांभाळते, असे होऊ देऊ नका. स्कीच्या पट्ट्या मायलेकींच्या पायांतही घाला. आणि सहलीचा सगळा जमाखर्च मुलांच्या हाताने लिहून घ्या. रजेचा हक्क कोणी मिळवून दिला आणि पैसा किती घामाने येतो, हे त्यांना त्या वहीतून कळेल.

जयभीम!