आपली गोष्ट, आपल्या शब्दांत

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. फुले दांपत्याच्या शाळेतील ती विद्यार्थिनी. आपल्या लोकांविषयी लिहिण्यासाठी तिने कुणा थोरामोठ्यांची वाट पाहिली नाही. मुलाला जे सांगायचे आहे तेथूनच लेखनाचा आरंभ व्हावा, हा धडा आम्ही त्या निबंधातून घेतो.

हा धडा आम्ही नेहमीच पाळला, असे मात्र नाही. दुसरीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘शेळी व्याली तवा पाऊस व्हता. आई भिजली पन पिल्लं कोरडी व्हती.’ आम्ही लाल शाईने ‘तवा’, ‘व्हता’, ‘पन’ खोडले. गोष्ट कशी वाटली, हे लिहायचे राहूनच गेले. पुढच्या आठवड्यात तिने गाईवरचा निबंध गाइडमधून उतरवून दिला. त्यात एकही चूक नव्हती आणि ती स्वतःही कोठे नव्हती.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेत, कचेरीत, न्यायालयात तीच लागते. ती आपल्या मुलांना इतरांहून कमी येऊन चालणार नाही. आमचा आग्रह क्रमाचा आहे. मुलाने आधी गोष्ट तोंडी सांगावी, चित्र काढावे, मग आपल्या शब्दांत लिहावे. शिक्षकांनी प्रथम आशयाला दाद द्यावी. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी, मुलाला शेजारी बसवून पाहावे.

‘घरचे दारिद्र्य चव्हाट्यावर कशाला?’ असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून गोष्ट वाचून दाखवायची की वहीतच ठेवायची, हे मुलानेच ठरवावे. दुःखच लिहावे अशी सक्ती नको; भूत, चेंडू आणि चांदोबा यांवरही त्याचा हक्क आहे. मात्र बालपणी मसूर स्थानकावर जे सोसले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले, हे विसरू नये. त्या लिखाणाने त्यांना कमीपणा आला नाही. मान खाली घालावी लागते ती वाचणाऱ्या समाजाला.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : सुट्टीत एक दिवस या, मुलांच्या गोष्टी ऐका, त्यांची पुस्तके शिवायला हात लावा. ग्रंथालयातील एक फळी त्यांसाठी मोकळी ठेवावी. तिच्यावरचे पहिले पुस्तक त्या शेळीच्या गोष्टीचे असावे, असे आम्हांस वाटते. अर्थात त्या मुलीची अनुमती असेल तरच.